गांडुळांकडून जमिनीची परीक्षा: पुणे जिल्ह्यासाठी पावसाळी सल्ला

जुलै-ऑगस्टमध्ये पावसाच्या उघडिपीत जमिनीला वाफसा आला की गांडुळे वरच्या थरात सापडतात, म्हणून त्यांची मोजणी याच काळात करावी. बांधापासून दूर २५ सेंटीमीटर लांब, तितकाच रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल मातीचा ठोकळा काढून ती माती गोणपाटावर हाताने फोडावी. मिळालेल्या गांडुळांच्या संख्येला १६ ने गुणले की एका चौरस मीटरचा आकडा मिळतो. शेतात चार-पाच ठिकाणी खड्डे घ्यावेत आणि दरवर्षी त्याच महिन्यात मोजावे.

जुन्नरच्या द्राक्षबागांत वर्षानुवर्षे बोर्डो मिश्रण हे तांबेयुक्त बुरशीनाशक फवारले गेले असेल, किंवा इंदापूर-दौंडकडील कालव्याखालच्या उसाची जमीन क्षारपड होत असेल, तर केवळ मोजणीवर थांबू नये. गांडूळ ओलसर त्वचेतून श्वास घेते आणि त्याच त्वचेतून मातीतील विषारी द्रव्ये शरीरात जातात, त्यामुळे नको असलेल्या मातीपासून ते दूर सरकते. याच स्वभावावर प्रयोगशाळांतील ४८ तासांची चाचणी आधारलेली आहे. ती घरीही ढोबळपणे करता येते. पसरट टबात मध्ये पुठ्ठा उभा करून एका बाजूस शंकास्पद माती आणि दुसऱ्या बाजूस त्याच प्रकारची, न फवारलेल्या जागेतील माती भरावी. दोन्हींची ओल सारखी ठेवावी, अन्यथा गांडुळे केवळ ओलीकडे जातील. पुठ्ठा काढून मधल्या रेषेवर गांडूळखताच्या बेडमधील, गळ्याजवळ फुगीर पट्टा आलेली १० गांडुळे सोडावीत आणि भोके पाडलेले झाकण ठेवावे. ४८ तासांनी पुठ्ठा पुन्हा बसवून मोजावे. अशा पाच टबांतील ५० पैकी १० पेक्षा कमी गांडुळे शंकास्पद मातीत आढळली, तर ती माती त्यांना राहण्यायोग्य नाही असे समजावे.

दोष नेमका कशाचा, हे मात्र यावरून कळत नाही. त्यासाठी माती परीक्षणात क्षारता आणि तांबे तपासून घ्यावे, कारण तांब्याचे विघटन होत नाही आणि ते वरच्या थरात साचत जाते.

बेडमधील गांडुळे शेतात सोडण्याचा खर्च करू नये. ती कुजणाऱ्या पदार्थांच्या ढिगात जगणारी आहेत, उघड्या रानात टिकत नाहीत. स्थानिक गांडुळे वाढवायची असतील, तर कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी द्रावण ओतणे) टाळावी आणि ऊसतोडणीनंतर पाचट न जाळता खोडव्यात (तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसात) सरीआड पसरावे.