ग्रीन कार्ड संपलं, पावतीवर परत आले
आईच्या पंचाहत्तरीला पुण्याला जायचं ठरलं आणि तिकीट काढताना दिसलं, माझं अमेरिकेचं १० वर्षांचं ग्रीन कार्ड पुढच्याच महिन्यात संपतंय. पोटात गोळाच आला. अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो, पण बघतंय कोण! त्याच रात्री आय-९०, म्हणजे कार्ड नूतनीकरणाचा अर्ज, ऑनलाइन भरला, ४१५ डॉलर गेले. नवं कार्ड वेळेत येणार नव्हतंच. पण पोचपावतीवर जुन्या कार्डाची मुदत ३६ महिन्यांनी वाढवलेली असते. फक्त जुनं कार्ड फेकायचं नाही, दोन्ही सोबत लागतात.

परतताना मुंबई विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने तारीख पाहून भुवया चढवल्या. मी घडी पडलेली मूळ पावती पुढे सरकवली. तिने दोनदा वाचली, साहेबांना दाखवून आली, मग बोर्डिंग पास दिला.