तळटीप देण्याआधी झीरो माईलपर्यंत जाऊन या

‘नागपूर हे भारताचे भौगोलिक केंद्र आहे,’ हे वाक्य आपल्याकडच्या कितीतरी लघुप्रबंधांत पहिल्याच पानावर असते. माझ्याही एम.ए.च्या लघुप्रबंधात होते. खाली तळटीप होती, तिच्यात एका पुस्तकाचे नाव होते, आणि माझे तेवढ्याने समाधान झाले होते. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारले, “या लेखकाला हे कुठून कळलं?” मला सांगता आले नाही. त्या पुस्तकात कसलाच आधार दिलेला नव्हता.

तेव्हापासून विद्यार्थ्यांना मी पहिली पायरी हीच सांगते: विधान मुळापर्यंत न्या. बातमीने पुस्तकाचा हवाला दिला असेल तर पुस्तक काढा. पुस्तकाने गॅझेटिअरचा (जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथाचा) दिला असेल तर गॅझेटिअर उघडा. झीरो माईलच्या, म्हणजे नागपुरात भारताचे केंद्र म्हणून दाखवल्या जाणाऱ्या ठिकाणाच्या, बाबतीत तर मूळ साधन रस्त्यावरच उभे आहे. तिथल्या दगडावर १९०७ सालच्या जीटीएस बेंचमार्कचा उल्लेख कोरलेला आहे. जीटीएस म्हणजे ब्रिटिशांनी केलेले भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण, आणि बेंचमार्क म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची मोजून पक्का केलेला बिंदू. उंचीची खूण, केंद्राची नव्हे. शिवाय १९०७ च्या भारतात लाहोर होते, ढाका होते, ब्रह्मदेशही होता. मग केंद्र कोणत्या भारताचे? एवढा प्रश्न पडला की संशोधन सुरू झाले असे समजा.

दुसरी पायरी, साधन कशासाठी वापरता ते ठरवा. विकिपीडिया आणि मराठी विश्वकोश विषयात शिरायला चांगले. तिथून पुढच्या ग्रंथांची नावे टिपून घ्या. आकडा मात्र ज्याने मोजला त्याच्याकडूनच घ्यावा. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या सुमारे २४ लाख आहे आणि जिल्ह्याची सुमारे साडेसेहेचाळीस लाख. दोन्ही आकडे ‘नागपूरची लोकसंख्या’ म्हणून सर्रास छापले जातात. म्हणून शहर की जिल्हा आणि कोणत्या वर्षी, हे वाक्यातच लिहा.

शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातले पीएचडीचे प्रबंध वाचायला मिळतात. ते जरूर वाचा, पण प्रबंध तिथे आहे म्हणून त्यातले प्रत्येक विधान तपासलेले आहे असे धरू नका.

नियतकालिकांबाबत आता जास्त जपावे लागते. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे ‘यादीत आहे ना’ एवढ्यावर भागत नाही. संपादक मंडळातली माणसे खरोखर त्या विषयातली आहेत का? लेखांचे परीक्षण कसे होते, हे स्पष्ट लिहिले आहे का? पैसे भरताच आठवडाभरात लेख छापून देणाऱ्या नियतकालिकाचा आधार घेऊ नका, आणि तिथे स्वतःचा लेखही देऊ नका. मेहनत वाया जाते याचे मला फार वाईट वाटते.

नोंद वाचतानाच करा: लेखक, वर्ष, शीर्षक, प्रकाशक, गाव, आवृत्ती, पृष्ठ. पृष्ठ क्रमांक राहिला की शेवटच्या आठवड्यात पुन्हा ग्रंथालय गाठावे लागते. जसेच्या तसे उतरवलेले शब्द वहीत लगेच अवतरणचिन्हांत टाका. महिन्याभराने ते आपलेच वाटू लागतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार दुसऱ्याच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण म्हणून तेवढे उचलायची मुभा मिळते असे नाही.

संदर्भ लिहिण्याची पद्धत, एपीए असो की एमएलए, मार्गदर्शकांना विचारून एकच ठेवा. मूळ ग्रंथ हाती लागला नाही तर ज्या पुस्तकात तो वाचला त्याचे नाव देऊन ‘मध्ये उद्धृत’ असे प्रामाणिकपणे लिहा. चॅटबॉटने दिलेला संदर्भ ग्रंथालयाच्या सूचीत किंवा डीओआय क्रमांकाने (लेखाच्या कायमच्या ऑनलाइन ओळख क्रमांकाने) सापडला नाही तर तो खोडा. लेखक, शीर्षक, वर्ष सगळे जुळवून रचलेले आणि अस्तित्वातच नसलेले लेख मी विद्यार्थ्यांच्या सूचीत पाहिले आहेत.

माझे ते जुने वाक्य आज मी असे लिहीन: ‘झीरो माईल येथील दगडावर १९०७ सालच्या जीटीएस बेंचमार्कचा उल्लेख आहे (प्रत्यक्ष पाहणी), हे ठिकाण भारताचे भौगोलिक केंद्र असल्याचा समज प्रचलित आहे.’ आणि कंसात पाहणीची तारीख घालीन.