वाळ्याचे ठोंब आणताय? मुळं उघडी ठेवू नका

मृगाचा पाऊस झाला की बागेच्या कडेला, उताराला वाळा (खस, सुगंधी मुळांचं गवत) लावायची लगबग सुरू होते. लावा, हीच वेळ आहे. पण दर जूनला मी तेच बघतो: ठोंब (मुळांसकट लावायचे जुडगे) उपटून टेम्पोत उघडे टाकलेले, वाटभर वारा, मग दोन दिवस अंगणात पडून. लावल्यावर आठवडाभर पानं हिरवी राहतात, माणूस निर्धास्त होतो. पंधरवड्यात रांगच्या रांग पिवळी पडते आणि खापर वाळवीवर फुटतं.

वाळा चिवट, त्याला काही होत नाही, असं सगळे म्हणतात. जमलेल्या गड्ड्याचं ते खरं आहे, त्याची मुळं 2-3 मीटर खोल जातात. नुकत्या खणलेल्या ठोंबाला मात्र बोटभर मुळांचाच आधार असतो.

घेताना एक मूळ नखानं खरवडून बघा. आत पांढरं, ओलसर असेल तरच घ्या. भुरकट, पोकळ निघालं तर फुकटही नको. माझी ही पारख सहसा चुकत नाही. खणल्याबरोबर मुळं शेणकाल्यात (शेण कालवलेल्या पाण्यात) बुडवा, ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि त्याच दिवशी लावा. जमणार नसेल तर सावलीत, मुळं बुडतील एवढ्या पाण्यात उभे करून ठेवा.

लावणी:
- ठोंब 2-3 फुटव्यांचा, पात 15-20 सेंमीवर छाटलेली
- सलग रांगेला अंतर 10-15 सेंमी, शोभेच्या सुट्या गड्ड्यांना 60 सेंमी
- जागा दिवसभर उन्हाची
- शेणखत शिफारशीप्रमाणे हेक्टरी 10 टन, म्हणजे बागेत चौरस मीटरला 1 किलो
- बी न धरणारा दक्षिणेकडचा वाण मागा

दुकानात मुळं फुटण्यासाठी म्हणून महागडी बाटली गळ्यात मारतील. घेऊ नका. वाळून गेलेलं मूळ कुठल्याही औषधानं जिवंत होत नाही, आणि ओल्या मुळाला शेणकाला पुरतो.

आत्ता खरी भीती उघडिपीची आहे. आर्द्रा कोरडी गेली तर ढगांकडे बघत बसू नका. तिसऱ्या दिवशी बोट खुपसून बघा, दोन पेरांवर ओल लागली नाही तर संध्याकाळी झारीनं पाणी द्या. पहिला महिना हे चुकवू नका. दहा-बारा ठोंब जास्तीचे कुंडीत लावून ठेवा, तिसऱ्या आठवड्यात नांग्या (मेलेल्या ठोंबांच्या रिकाम्या जागा) भरायला तेच कामी येतात.