फ्रॅटर्निटीच्या रशच्या आधी काय काय तयार ठेवायचं

गेल्या आठवड्यात मावशीचा फोन होता. "ते फ्रॅटर्निटी म्हणजे आपल्याकडच्या मंडळासारखंच ना रे? मग भरू दे त्याला वर्गणी, ओळखी होतील." मावशी अगदीच चुकली नाही. वर्गणी असते, अध्यक्ष-खजिनदार असतात, भांडणं असतात. पण मंडळात शिरताना तुझी कोणी पारख करत नाही आणि वर्गणीची पावती दारात हातावर पडते. इथे, अमेरिकेतल्या कॉलेजात, फ्रॅटर्निटी म्हणजे सभासद पारखून घेणारी मुलांची संघटना; या दोन्ही गोष्टी उलट्या आहेत. मी दोन वर्षं असल्याच एका घराचा (फ्रॅटर्निटीला 'घर'च म्हणतात) खजिनदार होतो, त्यामुळे बाकी कोणी सांगणार नाही ते मी सांगतो. ऑगस्टमध्ये बॅग भरशील तेव्हा हे जवळ ठेव.

आधी कोणत्या दारात उभं राहायचं ते ठरव. मोठ्या सरकारी विद्यापीठात ग्रीक अक्षरांच्या पाट्या ढिगाने दिसतील, पण त्या सगळ्या एका प्रकारच्या नाहीत. फाय बीटा कॅपा १७७६ साली निघाली, पण आज ती हुशार मुलांची मानाची संस्था आहे, तिथे राहायला घर नाही. थीटा टाउ इंजिनिअरिंगवाल्यांची, अल्फा कॅपा साय बिझनेसवाल्यांची. दोन्ही १९०४ च्या. १९०६ साली कॉर्नेलमध्ये सुरू झालेली अल्फा फाय अल्फा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी उभी केली, मार्टिन ल्यूथर किंग तिचे सदस्य होते. आणि देशी मुलांनी काढलेल्याही आहेत: बिंगहॅम्टनची आयोटा न्यू डेल्टा १९९४ ची, ऑस्टिनची डेल्टा एप्सिलॉन साय १९९८ ची, लॉस एंजेलिसची बीटा काय थीटा १९९९ ची. मोठं घर, मोठा पोर्च आणि शनिवारची पार्टी हे चित्र तुझ्या डोक्यात आहे ते बहुतेक इंटरफ्रॅटर्निटी कौन्सिलच्या, म्हणजे विद्यापीठातल्या नेहमीच्या फ्रॅटर्निटींच्या सामाईक समितीतल्या घरांचं. देशी संस्थांना बऱ्याचदा स्वतःचं घर नसतं, माणसं कमी असतात आणि सभासद घेण्याची पद्धतही वेगळी असते. दोन्हीकडे जाऊन ये. (एमएसला येणाऱ्या तुझ्या मित्राला मात्र सांग, हा खेळ बीएसवाल्यांचा आहे.)

मग तारखा. रश म्हणजे नवीन मुलांना घरं दाखवण्याचे दिवस. कुठे ते वर्ग सुरू झाल्यावर लगेच असतात, कुठे पहिल्या वर्षाच्या मुलांना एक सेमिस्टर थांबायला लावतात. विद्यापीठाच्या ग्रीक लाइफ ऑफिसात (या संघटनांचं काम बघणारं ऑफिस) सहसा नोंदणी करावी लागते आणि मार्कांची अट असते. बारावीची मार्कशीट आणि इंग्रजी ट्रान्सक्रिप्ट स्कॅन करून ठेव.

कपड्यांवरून मावशीने तीनदा विचारलंय, म्हणून एका वाक्यात संपवतो: एक निळा ब्लेझर, दोन कॉलरचे शर्ट, खाकी पँट, तपकिरी बूट, त्याच रंगाचा पट्टा, आणि एक छोटी इस्त्री. दादाच्या लग्नातला सूट आणू नकोस, तू नवरदेवाचा करवला दिसशील.

आता पैसे, माझा विषय. "वर्गणी किती?" असं विचारलंस तर तुला एकच आकडा सांगतील आणि तो खोटाही नसेल. पण माझ्या शीटमध्ये प्रत्येक मुलाच्या नावापुढे सहा-सात रकाने होते: राष्ट्रीय संस्थेची फी, विमा, नव्या सभासदाची एकदाच घ्यायची रक्कम, पार्ट्यांचा वाटा, फोटोचे पैसे, आणि घरात न राहणाऱ्यांसाठी पार्लर फी, म्हणजे दिवाणखाना वापरल्याचं भाडं. सेमिस्टरला काहीशे डॉलरपासून, घरात राहायचं ठरलं तर काही हजारांपर्यंत जातं. तेव्हा विचारायचं असं: "गेल्या सेमिस्टरला पहिल्या वर्षाच्या मुलाने एकूण किती भरले, आणि ते मला ईमेलने पाठवाल का?" पाठवलं नाही तर समज. दुसरा प्रश्न घरात राहण्याच्या सक्तीचा. पुष्कळ घरं दुसऱ्या वर्षी राहायलाच लावतात, आणि तो करार वेगळा असतो. मी तो पहिल्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, हातात पिझ्झा घेऊन, न वाचता सही केला. एप्रिलमध्ये मित्रांबरोबर स्वस्तात अपार्टमेंट मिळत होतं, पण सोडवणूक नव्हती. वर्षभराचं भाडं मुकाट्याने भरलं. दुसऱ्या वर्षी खजिनदार झालो तो त्याच रागात.

त्या घरात थंडीही होती. मिडवेस्टच्या, म्हणजे अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागातल्या जुन्या घरांत कोल्ड डॉर्म नावाचा प्रकार असतो. अभ्यासाच्या खोल्या खाली, उबदार. झोपायला वरच्या मजल्यावर एकच लांबलचक खोली, दुमजली पलंगांच्या रांगा, आणि भर जानेवारीत खिडक्या उघड्या. एवढी माणसं एका खोलीत झोपतात म्हणून हवा खेळती ठेवायची, ही पूर्वापार पद्धत. पहिल्या रात्री मला वाटलं मुद्दाम छळतायत. मग पाहिलं तर अध्यक्षही शेजारच्या पलंगावर कानटोपी घालून घोरत होता. कोल्ड डॉर्म आहे का, हे आधीच विचार. स्वयंपाकी आहे का, आठवड्यातून किती दिवस, आणि शाकाहारी मुलाला तो सॅलडशिवाय काय देतो, हेही.

घर बघायला जाशील तेव्हा सगळे हात मिळवतील, नाव विचारतील, गाव विचारतील. नाव सावकाश दोनदा सांग. "कॉल मी सॅम" म्हणू नकोस, चार वर्षं सॅम राहशील. तेवढ्यात कॉम्पोझिट शोध. भिंतीवर मोठी फ्रेम असते, सगळ्या सभासदांचे टायवाले पासपोर्टसारखे फोटो रांगेत, खाली नावं. प्रत्येक वर्षाची एक फ्रेम. गेल्या दोन-तीन वर्षांच्या फ्रेम शेजारी ठेवून चेहरे मोज. एका वर्षाच्या फ्रेममधली नवी मुलं पुढच्या वर्षीच्या फ्रेममध्ये निम्मीच उरली असतील तर सरळ विचार, बाकीची कुठे गेली? पैशांमुळे गेली, मार्कांमुळे गेली, की आणखी कशामुळे. उत्तर देणारा कोणाकडे बघतो तेही बघ.

"आणखी कशामुळे" म्हणजे हेझिंग, नव्या सभासदाला आत घेण्याआधी त्याचा केलेला छळ. आपल्याकडे रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्राने १९९९ मध्येच केला, त्यामुळे मावशीला वाटतं हे तेच. पण रॅगिंग तुझ्यावर येऊन आदळतं. हेझिंगच्या खोलीत तू स्वतःच्या पायांनी, फी भरून जातोस, आणि "नको" म्हटलं तर एवढे दिवस वाया गेले असं वाटतं. २०१७ च्या फेब्रुवारीत पेन स्टेटमध्ये बीटा थीटा पायच्या घरात टिमथी पियाझा हा १९ वर्षांचा मुलगा नव्या सभासदांना दारू पाजण्याच्या रात्री जिन्यावरून पडला. मदत बोलवायला सुमारे १२ तास गेले. आणि आपल्यासारख्या आशियाई मुलांत असं होत नाही, हेही मनातून काढ. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजचा मायकल डेंग आशियाई मुलांच्या पाय डेल्टा सायमध्ये शिरताना पेनसिल्व्हेनियातल्या डोंगरात मारला गेला. डोळे बांधून, पाठीवर वाळूची पिशवी देऊन अंधारात त्याला धक्के मारून पाडत होते.

इथे तयारी अशी. डिसेंबर २०२४ मध्ये स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट झाला, त्यानुसार विद्यापीठाला हेझिंगबद्दल दोषी ठरलेल्या संघटनांचा अहवाल आपल्या वेबसाइटवर टाकावा लागतो. तुझ्या विद्यापीठाचा अहवाल शोध, आवडलेल्या घराचं नाव त्यात आहे का बघ. रशमध्ये दारू नसावी हा नियम आहे, आणि २१ च्या खाली ती तुला कायद्यानेच नाही; पहिल्याच संध्याकाळी लाल कप हातात देणारं घर बाकीचे नियमही तसेच पाळत असणार. आणि तू एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहेस. दारू पिऊन गाडी चालवताना पकडल्यावर नुसत्या अटकेवरून व्हिसा रद्द झाल्याची उदाहरणं आहेत. बाकीची मुलं दंड भरून सुटतात तिथे तुझं वर्ष जाऊ शकतं. कोणी बेशुद्ध पडलं तर ग्रुपवर मत विचारत बसू नकोस, ९११ हा तातडीच्या मदतीचा नंबर लाव. पुष्कळ राज्यांत मदत बोलवणाऱ्यावर दारूचा खटला घालत नाहीत.

एक वाक्य आत्ताच तोंडात बसवून ठेव: "आज नको, सकाळी लॅब आहे." कारण खरं असलंच पाहिजे असं नाही. पण आवाज सरळ हवा, आणि म्हणताना कोट हातात घेतलेला हवा.

बिड म्हणजे त्यांचं आमंत्रण. ते देताना टाळ्या वाजवतील, मिठ्या मारतील, पेन पुढे करतील. उद्यापर्यंत वेळ माग. चांगली घरं देतात. आणि सही करण्याआधी मला फोन कर, रात्री दोनला केलास तरी चालेल. मावशीला तेव्हा करू नकोस, तिकडे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात आणि भिशीतल्या बायकांसमोर ती तुला स्पीकरवर टाकेल. बाकी बॅगेत जागा उरली तर आजीची गोधडी घाल. कोल्ड डॉर्ममध्ये माझी अध्यक्षाने पळवली होती.