सायकल ट्रिपच्या आखणीत एक जुना पूल असू द्या

दोन-तीन दिवसांची सायकल ट्रिप आखताना नकाशा सॅटेलाइट व्ह्यूमध्ये उघडा आणि हायवेच्या नव्या पुलाशेजारी जुना पूल दिसतोय का ते बघा. गाड्यांनी सोडून दिलेले असे पूल म्हणजे आपल्यासाठी पर्वणीच. कठड्यापाशी थांबून खाली डोकावलं की खांबांवर पुराच्या पाण्याच्या खुणा दिसतात, एखाद्या दगडावर बांधकामाचं साल कोरलेलं सापडतं.

रूळ उचललेला आणि सायकलींना खुला असलेला जुना रेल्वेमार्ग मिळाला तर सोनं! आगगाडीला खडा चढ झेपत नाही, त्यामुळे शंभर मीटरमागे दोन मीटरच्या वर चढ सहसा नसतो. डोंगराळ भागातही दमछाक होत नाही. वाटेत बोगदा असेल तर दिवसासुद्धा हेडलाइट हवाच. भर उन्हातून आत शिरल्यावर पहिले काही क्षण पुढ्यातला खड्डाही दिसत नाही. मी तर सरळ उतरून चालतो. खडी असेल तर टायरमधली हवा थोडी कमी करा.

कालव्याकाठचे रस्तेही सपाट असतात, पण मध्येच फाटकाला कुलूप निघू शकतं. दुसरी वाट आधीच हेरून ठेवा.