डिसेंबरची तारांबळ आणि फ्रिजवरचं कालनिर्णय

डिसेंबरात शाळेचं गॅदरिंग, स्पोर्ट्स डे आणि नाशिकहून आलेली नणंदेची मुलं, सगळं एकदम. शाळेच्या ग्रुपवरचे मेसेज 'गुड मॉर्निंग'च्या पुरात वाहून जायचे. रात्री दहाला कळायचं, उद्या पांढरे मोजे हवेत! मग कालनिर्णय फ्रिजवर चिकटवलं. मेसेज आला की लगेच तारखेच्या चौकटीत, सामानासकट: धोतर, पगडी, डबा नको. तालमीच्या दुसऱ्या दिवशी फिरणं बंद. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, आता त्याच लिहितात. कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद, म्हणून ते गुरुवारी. सिंहगड रविवारी नकोच, घाटात गाड्यांची रांग लागते. नाताळच्या सुट्टीत आडवारी पहाटे निघालो, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन दुपारी घरी. पगडी मात्र अजून भाड्याने मिळायची आहे.