फक्त विजेची किटली असताना पूर्ण जेवण: नव्याने आलेल्यांसाठी

परदेशात आल्यावर पहिल्या काही महिन्यांसाठी जी खोली पदरात पडते, तिच्या भाडेकरारात बहुधा शेगडी, हॉटप्लेट आणि राइस कुकर यांना मनाई असते. विजेच्या किटलीला मात्र सहसा कोणी हरकत घेत नाही. घरमालकाच्या लेखी पाणी उकळणे म्हणजे स्वयंपाक नव्हे. ही व्याख्या आपणही जशीच्या तशी स्वीकारावी, असे माझे स्पष्ट मत आहे: किटलीत पाण्याखेरीज काहीही घालायचे नाही आणि अन्न शिजवायचे ते किटलीच्या बाहेर.

आपल्याकडील जुनी मंडळी ‘आम्ही किटलीतच सगळे शिजवत होतो’ असे मोठ्या अभिमानाने सांगतात; ती किटली किती दिवस टिकली आणि तिचे पैसे कोणाच्या अनामत रकमेतून कापले गेले, हे सांगायचे तेवढे विसरतात. किटली आपोआप बंद होते, कारण उकळत्या पाण्याची वाफ आतल्या वाटेने एका द्विधातू पट्टीपर्यंत पोहोचते आणि ती पट्टी तापून वाकताच वीजपुरवठा तुटतो. झाकण उघडे ठेवले की वाफ तिथवर जातच नाही, किटली उकळतच राहते आणि अखेर कोरडी पडते. नूडल्स किंवा ओट्स थेट आत घातले की पिठूळ फेस उतू जाऊन खालच्या बैठकीतील विद्युतजोडणीवर सांडतो; दूध घातले तर ते तळाला करपते आणि नंतरच्या प्रत्येक पाण्याला तो वास येत राहतो. अंडीही आत टाकू नयेत, कारण एखादे फुटले की किटली साफ करता करता नाकी नऊ येतात.

मायदेशातून किटली आणू नये, येथेच घ्यावी. विजेचा दाब वेगळा असला तर ती एक तर नीट तापत नाही किंवा जळते, आणि प्रवासी कन्व्हर्टरला तिचा भार सहसा पेलवत नाही.

किटलीइतकीच महत्त्वाची दुसरी वस्तू म्हणजे रुंद तोंडाचा, दुहेरी भिंतीचा पोलादी थर्मास. हा खर्च टाळणारे नवीन लोक महिनोन्महिने पेल्यातील तयार नूडल्सवर राहतात आणि त्याला काटकसर म्हणतात. ती काटकसर नव्हे. त्या पेल्यात मुख्यतः मैदा आणि मीठ असते. पिष्टमय पदार्थ, प्रथिने, भाजी आणि थोडे तेल, हे चारही ताटात आले तरच त्याला जेवण म्हणावे, आणि हे चारही किटलीच्या पाण्यावर साधता येतात.

पिष्टमय पदार्थांची बाजू सर्वांत सोपी आहे. कुसकुस (गव्हाच्या रव्याचे बारीक दाणे) आणि तेवढेच उकळते पाणी झाकून ठेवले की पाच-सात मिनिटांत दाणे फुलतात. आधीच उकडून वाळवलेल्या बारीक दलियाला (बुलगुर) सुमारे दीडपट पाणी आणि वीसेक मिनिटे लागतात, तर तांदळाच्या बारीक नूडल्स पाच मिनिटांत मऊ होतात. भांडे जाड असावे आणि झाकण घट्ट बसणारे असावे, कारण पातळ प्लास्टिकच्या वाडग्यात पाणी ओतताक्षणीच थंड होऊ लागते. प्रथिनांसाठी सोयाचा चुरा उकळत्या पाण्यात दहा मिनिटे भिजवून पिळून घ्यावा. टोफू, हवाबंद डब्यातील चणे किंवा मासे तर आधीच शिजलेले असल्यामुळे ते फक्त गरम करायचे असतात. गाजर किसून, कोबी अगदी बारीक चिरून आणि पालक हाताने तोडून घेतल्यास उकळत्या पाण्यात झाकून या भाज्या खाण्याजोग्या होतात. गोठवलेल्या मटारांवर मात्र एकदा पाणी ओतून थांबू नये, कारण ते पाणी लगेच कोमट होते. ते काढून दुसरे उकळते पाणी घालावे आणि आणखी काही मिनिटे झाकून ठेवावे.

थर्मासमधील शिजवणे थोडे शिस्तीचे आहे. आधी तो उकळत्या पाण्याने काठोकाठ भरून दहा मिनिटे बंद ठेवावा आणि ते पाणी ओतून द्यावे. मग अर्धा तास भिजवलेली लाल मसूर डाळ, थर्मासच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा कमीच, आत घालून वर उकळते पाणी ओतावे, पाच मिनिटांनी तेही काढावे आणि पुन्हा ताजे उकळते पाणी भरून झाकण घट्ट लावावे. दोनदा पाणी बदलणे पुष्कळांना निरर्थक वाटते. पण पहिले पाणी थंड डाळ तापवण्यातच आपली उष्णता घालवते आणि खरे शिजणे दुसऱ्या पाण्यात होते. साधारण दीड-दोन तासांत डाळ मऊ होते. कच्ची राहिली तर पाणी पुन्हा बदलून वेळ वाढवावा, ती तशीच खाऊ नये. अंडीही याच रीतीने उकडता येतात. फक्त पाणी भरपूर हवे आणि बलक घट्ट होईपर्यंत थांबायला हवे.

आता ज्या चुकीची किंमत नवीन माणूस खरोखर मोजतो, त्या चुकीबद्दल. मसूर जमली की पुढचा विचार हटकून राजम्याचा येतो आणि सुका राजमा रात्रभर थर्मासमध्ये ठेवला जातो. हे कधीही करू नये. कच्च्या लाल राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते. ते नष्ट होण्यासाठी राजमा किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात खळखळ उकळावा लागतो; त्यासाठी किमान दहा मिनिटे पुरतात असे म्हटले जात असले, तरी अर्धा तास उकळणे सुरक्षित मानले जाते. थर्मासमध्ये पाणी उकळत नाही, ते फक्त गरम राहते आणि हळूहळू निवते. सुमारे 80 अंश सेल्सिअसला नुसते मऊ झालेले दाणे कच्च्या दाण्यांपेक्षाही अधिक विषारी ठरू शकतात. दाणा बोटाने दाबला जातो, चवही बरी लागते, आणि एक ते तीन तासांत उलट्या सुरू होतात. चार-पाच दाणेही त्याला पुरेसे असतात. परक्या देशात, विम्याची कागदपत्रे अजून हाती आलेली नसताना रात्री रुग्णालयाचा रस्ता शोधण्याची वेळ एका डब्याच्या पैशांसाठी ओढवून घेऊ नये. राजमा खायचाच असेल, तर हवाबंद डब्यातील शिजवलेला घ्यावा. तो पूर्ण सुरक्षित असतो. कच्चे मांसही किटलीच्या भरवशावर शिजवू नये.

भात थर्मासमध्ये होतो, पण तो गरम असतानाच संपवावा. बॅसिलस सिरिअस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंतरही जिवंत राहतात, कोमट भातात वाढतात, आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. ज्यांच्या खोलीत शीतकपाट नाही, त्यांनी उरेल इतका भात लावूच नये.

चवीची तक्रार सर्वांची असते आणि ती रास्त आहे, कारण मसाला तेलात परतायची सोय येथे नाही. कच्च्या मसाल्याची पूड वरून टाकल्यास ती घशाला खवखवते, म्हणून भाजून कुटलेले मसालेच जवळ बाळगावेत, ते एक चमचा तेलात कालवून गरम अन्नात मिसळावेत आणि शेवटी लिंबू पिळावे. भाजलेल्या दाण्यांचा कूट घातल्याने पोटही भरते आणि पाणचटपणाही जातो.

खोलीत धूरसूचक यंत्र असेल तर किटली त्याच्या थेट खाली ठेवू नये. वाफेनेही ते वाजू शकते, आणि मध्यरात्री सगळी इमारत रस्त्यावर उभी राहिली की ‘फक्त पाणी उकळत होतो’ हे कोणी ऐकून घेत नाही. थर्मासच्या झाकणातील रबरी कडे दर वेळी काढून धुवावे, आणि तळाशी पांढरा थर साचला की पातळ व्हिनेगर उकळून किटली दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने विसळावी.